देवाच्या जवळ जायचे म्हणजे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



"यंदा तुम्ही बोलायचं," असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळाचे काम सांगा, सतरंज्या घालीन, पाहुण्यांचा चहा करीन, बचतगटाची वही लिहीन. पण भाषण माझ्याच्याने व्हायचे नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "आम्हांला भाषण नकोच आहे. तुमच्या घरात देव्हारा दिसत नाही, तुळशीवृंदावन नाही, एकादशी नाही. मग तुम्ही देवाच्या जवळ जाता तरी कशा, एवढंच सांगा."

प्रश्न साधा होता, पण मी त्यावर चार रात्री विचार केला. त्यातून जे सुचले ते आज सांगते. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर आपल्यातलीच एक म्हणून सांभाळून घ्या.

मी जन्माने ख्रिस्ती. माझे माहेर नगर जिल्ह्यातले. तिकडे खेडोपाडी ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, त्यामुळे लहानपणी प्रार्थना, गीते, नाताळ हे सगळे आजूबाजूला होतेच. लग्न होऊन किकवीला आले तेव्हा पहिल्यांदा कळले की चर्चची घंटा ऐकू येत नाही अशीही रविवारची सकाळ असते. आम्ही उपासनेला पुण्याला जातो. मुले लहान असताना ते दर आठवड्याला जमत नसे. कधी एकाला ताप यायचा, कधी ह्यांची शिरवळच्या कारखान्यात पाळी असायची, तर कधी सातारा रस्त्यावर हात करून थकले तरी एसटी थांबायची नाही. तेव्हा मी मनाशी म्हणे, आपण देवापासून लांब पडलो ते केवळ ह्या रस्त्यामुळे. चर्च दारात असते तर आपणही भक्तीत असतो.

भगिनींनो, ते खरे नव्हते. मी लांब पडले होते, पण ते रस्त्यामुळे नव्हे. ते मला कसे कळले, तीच आजची हकिगत.

ही हकिगत माझ्या धाकट्या जाऊबाईंची आणि माझी आहे. त्या पहिल्याच ओळीत बसल्या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी बोलणार नव्हते. परवा विचारले, तर म्हणाल्या, "सांगा की. पण पाटल्या परत द्यायला लावू नका म्हणजे झालं." (हशा.) तेव्हा आता पाटल्यांचेच सांगते.

आमच्या सासूबाई पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्या उठल्या नाहीत. दोन वर्षे मी त्यांचे सगळे केले. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, रात्री तीनदा उठणे. आजारी माणूस ज्यांनी घरात सांभाळले आहे त्यांना जास्त सांगायला नको. जाऊबाई तेव्हा नोकरीच्या निमित्ताने पुण्याला राहत. सणाला येत, दोन दिवस राहत, जात. सासूबाई गेल्यावर दहा-बारा दिवसांनी माझ्या ध्यानात आले की त्यांच्या सोन्याच्या पाटल्या जाऊबाईंच्या हातात आहेत. चोरल्या नव्हत्या. सासूबाईंनीच जिवंतपणी आपल्या हातांनी काढून दिल्या होत्या.

चोरल्या असत्या तर कदाचित मला इतके लागले नसते. दिल्या होत्या, हेच लागले. दोन वर्षे मी केले, आणि माया मात्र तिच्यावर! त्या दिवसापासून मी जाऊबाईंशी बोलणे टाकले. पुढे त्या किकवीला राहायला आल्या. अंगण एक, नळ एक, आणि तीन वर्षे आम्ही दोघी एकमेकींना काही सांगायचे असले की पोरांकरवी निरोप धाडत होतो. मी थोरली, तेव्हा तिने आधी बोलावे, हा माझा हिशेब. आपण काही केलेच नाही तर बोलायचे कशाला, हा तिचा.

आणि ह्या तीन वर्षांत आमच्या घरची रात्रीची प्रार्थना एक दिवससुद्धा चुकली नाही, हे मुद्दाम सांगते.

प्रभूने स्वतः शिकवलेली एक प्रार्थना आहे, ती आमच्यात पोरासोरांनाही पाठ असते. तुमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ असतो तशीच. तिच्यात एक मागणे असे आहे की, देवा, आम्ही आमच्या अपराध्यांना जशी क्षमा केली, तशी तू आम्हांला कर. एका रात्री प्रार्थना आटोपली आणि माझी धाकटी मुलगी, ती तेव्हा तिसरीत होती, म्हणाली, "आई, तू रोज ती मधली ओळ म्हणत नाहीस. तेवढ्यापुरती गप्प बसतेस."

मी तिला दटावले, झोप म्हटले. पण मला झोप आली नाही. पोरीने बरोबर पकडले होते. कधीपासून कोण जाणे, ती ओळ आली की माझे तोंड बंद होत असे, आणि माझे मलाच ते ठाऊक नव्हते. पुण्याच्या रस्त्याला मी उगीच दोष देत होते. खरे अंतर अंगण ओलांडण्याएवढेच होते.

त्या सुमारास मंडळाच्या कपाटातून मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचायला नेली होती. आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला वाचायला त्या लग्नानंतर घरी शिकल्या. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक. त्यांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळी एका ब्राह्मण घरावर हा घाला केवढा, याची कल्पना आपण करू शकतो. नवरा गेला म्हणून लक्ष्मीबाई त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. मुलाला घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, काही काळ तर पंढरपुरात. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांच्या धर्मांतराची घाई कोणी केली असती तर ते टिकले नसते. त्या आपल्या पावलांनी आल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा त्यांनी आपल्याशीच खल केला, आणि तो माणसाने केला असे पटले तेव्हा कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, म्हणजे 1900 साली घेतला.

हे वाचून मी थबकले. मला वाटायचे, देवाकडे जाण्याची वाट आकाशातून जात असेल. ह्या बाईची वाट पाण्याच्या घागरीवरून गेली. जिथे तिचे मन अडले होते तिथूनच तिला जावे लागले. आडवाट तिला मिळाली नाही. आणि मग मला मिळेल कशी?

दुसरे नाव सांगते ते पंडिता रमाबाईंचे. त्या तर आपल्याच जिल्ह्यातल्या म्हटल्या पाहिजेत, कारण त्यांचे केडगावचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यात आहे आणि आजही चालू आहे. रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे लग्न झाले, आणि दोनच वर्षांत कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या विधवा झाल्या. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथवर आपल्याला शाळेच्या पुस्तकातही वाचायला मिळते. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. हे 1891 सालच्या सुमाराचे. म्हणजे बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेली होती.

विचार करा, भगिनींनो. ज्या बाईला संस्कृत मुखोद्गत, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, जिने 1889 साली विधवांसाठी शारदा सदन काढले, ती बाई म्हणते की मी घरात आले खरी, पण घरधन्याची नि माझी भेट अजून झाली नाही. असे कबूल करायला केवढे धैर्य लागत असेल! मी तर जन्मापासून घरात. मला असे कधी वाटलेच नव्हते.

आणि भेट झाल्यावर रमाबाई डोळे मिटून बसून राहिल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी भुकेल्या पोरक्या मुली आणि विधवा आणल्या. ज्या उपासमारीने त्यांचे स्वतःचे घर बुडाले होते, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी काढल्या. केडगावात पुढे हजारावर बाया-मुली झाल्या. तिथे शेती होती, विणकाम होते, आंधळ्यांसाठी शिक्षण होते, छापखानाही होता आणि त्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या. ह्या सगळ्या धबडग्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते साध्या बायकांना कळावे म्हणून भाषा सोपी ठेवली. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला समजावे म्हणून एवढ्या मोठ्या विदुषीने आपली पंडिताई बाजूला ठेवली, ह्याला मी भक्ती म्हणते.

आता परत माझ्या अंगणात येते.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन दूरदेशी जातो, सगळे उधळतो, डुकरे राखायची पाळी येते, तेव्हा शुद्धीवर येऊन घरी परततो. बाप त्याला लांबून पाहतो आणि धावत जाऊन गळ्याशी धरतो. मेजवानी होते. इथवर गोष्ट सगळ्यांना आवडते. पण पुढे थोरला मुलगा शेतातून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि रागाने दाराबाहेर उभा राहतो. म्हणतो, मी इतकी वर्षे राबलो, मला तुम्ही एक करडूसुद्धा दिले नाही, आणि ह्याच्यासाठी पोसलेले वासरू! बाप बाहेर येऊन त्याचीही समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, ते मात्र प्रभूने सांगितले नाही. गोष्ट तिथेच सोडली.

लहानपणापासून ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. दर वेळी मला वाटे, मी त्या धाकट्यासारखी नाही, बरे झाले. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळले की ह्या गोष्टीत मीही आहे. मी थोरला मुलगा आहे. राबले मी, पाटल्या तिला. सगळा जन्म बापाच्या घरात काढून मी दाराबाहेर उभी आहे. तो धाकटा दूरदेशी जाऊन लांब होता, मी उंबरठ्यावर उभी राहून लांब आहे. आणि आत जायचे की नाही, हे दुसरे कोणी माझ्यासाठी ठरवणार नाही. बापसुद्धा हात धरून ओढत नाही. समजूत घालतो आणि वाट पाहतो.

सकाळी उठून मी लगेच जाऊबाईंच्या गळ्यात पडले असे समजू नका. तसे सिनेमात होते. मी पहिली गोष्ट केली ती एवढीच की, रात्री ती ओळ मोठ्याने म्हटली. मनात राग तसाच होता, तरी म्हटली. पोरीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. दुसरी गोष्ट, प्रार्थनेत जाऊबाईंचे नाव घ्यायला लागले. पहिले आठ-दहा दिवस ते नाव दातओठ खाऊनच घेत होते. पण एक सांगते, ज्याचे नाव आपण रोज देवापुढे घेतो त्याचा राग धरून ठेवायला हळूहळू फार कष्ट पडायला लागतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतात की, वेदीवर अर्पण करायला आलास आणि तुझ्या भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. ही आज्ञा मला फार अवघड वाटते. कारण चूक कोणाची, हे त्यात विचारलेलेच नाही. ज्याला आठवले त्याने जायचे.

एका रविवारी पुण्याला जायचे ठरले होते. मुलांचे कपडे झाले, पिशवी भरली. तेव्हा मला आठवले. मी ह्यांना म्हटले, "आज तुम्ही मुलांना घेऊन पुढं व्हा. मला इथंच काम आहे." ते गेल्यावर घेवड्याचे कालवण केले होते ते वाटीभर घेतले, पदराखाली झाकले आणि अंगण ओलांडले. पंधरा पावले असतील. पण गुडघे असे कापत होते की वाटी हिंदकळून कालवण हातावर आले.

जाऊबाईंनी दार उघडले, वाटी घेतली, "बरं" म्हणाल्या आणि दार लावले. एवढेच. मी परत आले आणि चुलीपुढे बसून रडले. एकदा वाटे, अपमान झाला. पण तासाभराने जरा शांत बसले तेव्हा असे वाटले की, कितीतरी वर्षांत मी देवाच्या इतक्या जवळ बसले नव्हते. त्या दिवशी उपासना चुकली, असे मला आजही वाटत नाही.

वाटी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली. आपल्याकडे भांडे रिकामे परत करीत नाहीत. वाटीत भाजलेले शेंगदाणे होते आणि वर गुळाचा खडा. त्या दिवशी नळावर आम्ही प्रथमच बोललो, पाणी कधी येणार एवढेच. पाटल्यांचा विषय पुढे पुष्कळ महिन्यांनी निघाला, आणि तो जाऊबाईंनीच काढला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आईंचं केलंत ते मला करता आलं नाही, हे मला रोज टोचायचं. आईंनी पाटल्या दिल्या तेव्हा वाटलं, निदान त्यांनी तरी मला माफ केलं. म्हणून हातातून निघेनात."

मला हे तीन वर्षांत सुचले नव्हते. मी ज्या पाटल्यांत सासूबाईंची जास्त माया पाहत होते, त्यात ती आपली क्षमा पाहत होती. पाटल्या अजून तिच्याच हातात आहेत. मला कधी कधी अजून खुपतात, हेही खोटे बोलणार नाही. खुपले की मी ती ओळ म्हणते.

चिटणीसबाई, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. देव लांब गेलेला नसतो. आपण एक पाऊल टाकले तर तो आपल्याकडे येतो, असा आमच्या शास्त्राचा भरवसा आहे. पण ते पाऊल आपण होऊन टाकावे लागते, आणि रोज टाकावे लागते. ते बहुधा एखाद्या माणसाच्या दाराकडे पडते. ज्या दाराकडे जायला आपल्याला सर्वांत जड जाते, तिकडेच बहुधा ते टाकायचे असते. प्रार्थना, वाचन, उपासना हे सगळे हवेच. त्यावाचून पाऊल टाकण्याचे बळ येत नाही. पण नुसते तेवढ्यानेच जवळ गेलो असे मानले, तर माझ्यासारखी मधली ओळ गाळली जाते.

हे मी माझ्या धर्माच्या भाषेत सांगितले, कारण मला दुसरी येत नाही. कोणी आपला मार्ग सोडावा म्हणून सांगितले नाही. टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा तुमच्या हरिपाठातही अशी एखादी ओळ असेल, जी म्हणताना आवाज आपोआप बारीक होतो. ती कोणती, हे ज्याचे त्याने पाहावे. घरात बारीक पोर असेल तर त्याला विचारावे, त्याला नक्की ठाऊक असते.

ह्या मंडळाने मला पुष्कळ दिले. पुस्तक दिले, वही लिहायला शिकवले, आणि आज चार बायकांसमोर उभे राहण्याचे धैर्यही दिले. आता चहाची वेळ झाली आहे. चहा करायला आज मी नाही, माझ्या धाकट्या जाऊबाई आहेत. तो गोड झाला असेल अशी मला खात्री आहे.